काळ्या वाळूतले दोन प्रकारचे लोखंड

नदीच्या वाळूतून चुंबक फिरवला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते. लहानपणी हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधून सुटलेल्या या कणांत मॅग्नेटाईट असतं. पण त्यात टायटॅनियमही मिसळलेलं असतं, म्हणून आज आपण शुद्ध मॅग्नेटाईटची पूड घेतली आहे.

मॅग्नेटाईटमध्ये ऑक्सिजनच्या दर ४ अणूंमागे लोखंडाचे ३ अणू असतात. त्या तिघांपैकी एक फेरस, म्हणजे +२. उरलेले दोन फेरिक, म्हणजे +३. फरक एका इलेक्ट्रॉनचा. वजनकाट्याला तो कळत नाही.

बारावीचं प्रात्यक्षिक आठवा. ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने सोडायच्या मापाच्या नळीत, जांभळं परमँगनेट. फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्ट, म्हणजे फेरस लोखंडाचा क्षार. आधी पायलट रीडिंग, म्हणजे ढोबळ अंदाज, मग सीबीआर (पुन्हा पुन्हा सारखं येणारं ब्युरेटचं रीडिंग) जुळेपर्यंत धडपड. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. लोखंड मोजण्याची ही युक्ती फ्रेंच रसायनज्ञ मार्गेरित यांनी १८४६ मध्ये मांडली. परमँगनेटचा एक आयन पाच फेरस आयनांकडून एकेक इलेक्ट्रॉन घेतो. फेरिककडे मात्र देण्यासारखा इलेक्ट्रॉन उरलेलाच नसतो. तो त्याच फ्लास्कमध्ये असूनही हिशेबात येत नाही.

म्हणून अनुमापन, म्हणजे ब्युरेटने असं मोजणं, दोनदा करायचं: एकदा फक्त फेरसचं, एकदा सगळ्या लोखंडाचं.

पूड गरम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते, पण सावकाश. तेवढ्या वेळात हवेतला ऑक्सिजन फेरसचं फेरिक करू लागतो, म्हणून फ्लास्कमध्ये कार्बन डायऑक्साईड भरून ठेवला आहे. आम्लातल्या क्लोराईडवर परमँगनेट वाया जातं, तेव्हा ब्युरेटमध्ये आपण डायक्रोमेट घेऊ. पहिल्या भागात गंधकाम्ल, फॉस्फोरिक आम्ल आणि रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या दर्शकाचे थेंब टाकून थेट अनुमापन. हिरवं द्रावण एका थेंबाने जांभळं झालं. हे रीडिंग फक्त फेरसचं.

दुसऱ्या तेवढ्याच भागात आधी सगळ्या फेरिकचं फेरस करायचं. इथे हात कसलेला लागतो. गरम, पिवळ्या द्रावणात स्टॅनस क्लोराईड थेंबाथेंबाने सोडायचं. पिवळेपणा गेला की आणखी एखादा थेंब, त्याहून जास्त नाही. जास्तीचं स्टॅनस संपवायला द्रावण थंड करून मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याचा क्षार, एकदम ओतायचं. रेशमासारखा पांढरा साका तरंगला, तर जास्तीचं स्टॅनस संपलं. साका आलाच नाही, तर स्टॅनस कमी पडलं. आणि करडा किंवा काळा आला, तर स्टॅनस जास्त झालं, पारा सुटला. तो फ्लास्क बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करायची. तो बेसिनमध्ये रिकामा करायचा नाही! पाऱ्याचे क्षार विषारी आहेत. लोहखनिज तपासायला आता टायटॅनियम ट्रायक्लोराईड वापरून पारा टाळण्याची पद्धत आहे, आणि तीच शिकवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता आकडे. समजा डायक्रोमेटची तीव्रता ०.१ नॉर्मल आहे. त्याच्या १ मिलिलिटरमागे ५.५८५ मिलिग्रॅम लोखंड. पहिलं रीडिंग ८ मिलिलिटर, म्हणजे ४४.६८ मिलिग्रॅम फेरस. दुसरं २४, म्हणजे एकूण १३४.०४ मिलिग्रॅम. वजाबाकी करा: ८९.३६ मिलिग्रॅम फेरिक. बरोबर एकास दोन.

कार्बन डायऑक्साईड भरायला विसरलो असतो तर? दुसरं रीडिंग २४च आलं असतं, कारण लोखंड कुठेच गेलं नाही. पहिलं मात्र ८ वरून खाली घसरलं असतं. एकूण लोखंडाचा आकडा चोख, आणि फेरिकचा फुगलेला.

हाच बदल प्रयोगशाळेबाहेरही होतो. हवेत राहिलेल्या मॅग्नेटाईटच्या बारीक कणांतलं फेरस हळूहळू फेरिक होतं आणि तपकिरी मॅगेमाईट तयार होतं. चुंबकाला तेही चिकटतं. पण आम्लात विरघळवून ब्युरेटखाली धरलं, तर त्याचं पहिलं रीडिंग शून्याजवळ येतं.