एकोणतीसचे एकोणचाळीस: फाल्गुन-चैत्रातली पहिली

पहिलीच्या वर्गात चुका दोन हंगामांत येतात. जून-जुलैतली चूक म्हणजे मुलाला माहीतच नसतं. 'ळ' दाखवला की ते गप्प बसतं, नाहीतर शेजारच्याकडे बघतं. पळस फुलल्यावरची चूक वेगळी असते. आता मुलाच्या हाती नियम लागलेला असतो, पण अर्धा. तो अर्धा नियम ते पुऱ्या आत्मविश्वासानं सगळीकडे लावतं. वरून दोन्ही चुका सारख्याच दिसतात, लाल गोलही सारखाच पडतो, उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्या चुकीला पुन्हा शिकवावं लागतं. दुसरीला पुन्हा तेच शिकवलं तर मूल गोंधळतं, कारण तेवढं त्याला येतच असतं. आज मी या दुसऱ्या चुकीबद्दलच बोलणार आहे.

या दिवसांत पहिलीकडून अपेक्षा काय, ते आधी सांगतो. २०२१ च्या जुलैत सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं पहिलीअखेरचं लक्ष्य दोन ओळींत दिलंय: चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता यावं, आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येऊन साधी बेरीज-वजाबाकी जमावी. यातला 'अनोळखी' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच आपण विसरतो. फेब्रुवारीपर्यंत पुस्तकातले निम्मे धडे मुलांना तोंडपाठ झालेले असतात. बोट तिसऱ्या शब्दावर आणि तोंड पाचव्या शब्दावर, तरी आपण 'छान वाचतो' म्हणून पाठ थोपटतो. तपासायचं असेल तर धड्याचं शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा. किंवा फळ्यावर नवं वाक्य लिहा: 'माझी आजी चिंचा फोडते.' चारच शब्द आहेत, पण त्यात वेलांटी आहे, अनुस्वार आहे, काना-मात्रा आहे, आणि हे वाक्य कुठल्याही पुस्तकातून पाठ झालेलं नाही.

आता आपल्या भागाचा, म्हणजे खानदेशाचा, खास मामला. तापीकाठच्या बोलींत, अहिराणीत आणि लेवा गणबोलीतही, 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं, जळगावचं जयगाव. 'ण' चाही बहुतेक ठिकाणी 'न' होतो: पानी, कोन. जूनमध्ये ही अडचण जाणवत नाही, कारण मूल लिहितच नसतं. जानेवारीनंतर ते ऐकलेलं लिहू लागतं. 'शाळा' सांगितलं तर 'शाया' लिहितं. म्हणजे ध्वनी ओळखून त्याचं अक्षर निवडायचं काम मुलानं बिनचूक केलेलं असतं, फक्त ते ऐकतं घरच्या कानानं. तिथं 'चूक' असं ओरडून 'शाळा' दहादा लिहायला लावलं की पुढचा टप्पा येतो. मूल नियम काढतं: 'बाईंना य आवडत नाही, ळ आवडतो.' मग 'गाय' चा 'गाळ' होतो, 'पाय' चा 'पाळ' होतो. त्याच न्यायानं 'मन' चा 'मण' होतो. याचा दोष मुलाला देता येत नाही, आपणच त्याला अर्धा नियम दिलेला असतो.

उपाय कानापासून सुरू करायचा. पहिल्या आठवड्यात वहीला हात लावायचा नाही. जोड्या घ्यायच्या: माय–माळ, गाय–गाळ, काय–काळ, वय–वळ. रोज चारच जोड्या, दहा मिनिटं. तुम्ही शब्द बोला, 'ळ' ऐकू आला तर मुलांनी हात वर करायचा. निम्मा वर्ग एकमेकांकडे बघून हात वर करेल, म्हणून डोळे मिटायला सांगा. नंतर जीभ: 'ळ' म्हणताना टोक मागे वळून टाळूला लागतं, 'य' ला लागत नाही. खिशातला छोटा आरसा फिरवला तर हे मुलांना स्वतःच दिसतं, आणि हसून हसून वर्ग मोकळा होतो. दुसऱ्या आठवड्यात त्याच जोड्या वाचायच्या. श्रुतलेखन तिसऱ्या आठवड्यात, त्याआधी नाही. आणि एक कडू गोष्ट आपसातली म्हणून सांगतो: श्रुतलेखन घेणारेच 'फया पुसा' म्हणत असतील तर मुलांनी 'फळा' कुठून लिहावा?

बोलीला मात्र वर्गाबाहेर काढू नका. 'माय घरमा शे' असं मुलानं सांगितलं तर ते पूर्ण, शुद्ध वाक्य आहे, अहिराणीतलं. त्याच्याखाली 'आई घरात आहे' लिहा, दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा आणि 'मा' च्या जागी काय आलं ते मुलांनाच शोधू द्या. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी भिली किंवा पावरी ही आदिवासी भाषा असते. तिथं मराठी ही मुलासाठी मुळातच नवी भाषा आहे. ळ-य च्या जोड्यांनी तिथलं काम भागणार नाही, आधी शब्दांचे अर्थ हवेत, चित्रं हवीत, घरच्या भाषेतला शब्द हवा.

लेखनातल्या आणखी दोन चुका या ऋतूच्या. एक, पहिली वेलांटी. ती बोलताना अक्षराच्या नंतर येते आणि लिहिताना आधी. 'दिवा' लिहिताना मूल 'द' काढतं, मग वेलांटीसाठी मागे येतं, जागा नसते, आणि ती मागच्या शब्दाला चिकटते. यावर दुरुस्ती साधी आहे: दोन शब्दांत एक बोट जागा सोडायची सवय लावा आणि वेलांटीचं अक्षर आधी पूर्ण उच्चारून मगच पेन्सिल टेकवायची. दुसरी चूक मला फार आवडते. पाणी, वही, आजी, माती असे शब्द लिहून लिहून मुलाला समजतं की शेवटची वेलांटी दीर्घ असते. कुणी शिकवलेलं नसतं, पण नियम खरा आहे. मग ते 'आणी' लिहितं. 'आणि' हा त्या नियमाचा अपवाद, आणि अपवादाला चुकणं म्हणजे नियम सापडल्याची पावती. पहिलीत यासाठी गुण कापू नयेत. शब्द बरोबर लिहून दाखवा, पुढे चला.

जोडाक्षरांची घाई नको. दंड गाळून जोडली जाणारी आधी: पुस्तक, गल्ली, मस्त. 'र' ची रूपं, म्हणजे सूर्य, चक्र, ट्रक, ही बघून ओळखली तरी पहिलीला पुरे.

आता संख्या. इथं जरा थांबू, कारण मराठीत ही वाट खरोखर खडबडीत आहे. 'सत्तेचाळीस' हा शब्द ऐका. आधी काय ऐकू आलं? सात. मग चाळीस. मूल ऐकल्या क्रमानं लिहितं: ७४. शब्दात एकक आधी आणि अंकात दशक आधी, ही अडचण वीसच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला आहे. त्यावर आणखी एक थर 'एकोण' चा. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद, अशा आठ संख्यांत पुढच्या दशकाचं नाव येतं. 'एकोणतीस' मध्ये 'तीस' स्पष्ट ऐकू येतो, नऊ कुठेच ऐकू येत नाही. ज्याला 'एकोण म्हणजे शेवटी नऊ' एवढं कळलंय ते मूल बिनधास्त ३९ लिहितं. तीस ऐकला म्हणून ३, एकोण ऐकलं म्हणून ९. तर्कात खोट काढता येत नाही. आणि नव्व्याण्णवला हा एकोणचा नियमही मोडतो.

बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. माझं मत विचाराल तर भांडणाचं कारण नव्हतं. जुनी नावं बाजारात लागतात, ती हवीतच, पण शिकताना 'चाळीस आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस' असं दोन्ही म्हणायला काय हरकत आहे? पायरी म्हणून वापरा, मुक्काम करू नका.

साधन म्हणून लग्नपत्रिका घ्या, या दिवसांत घरोघरी पडून असतात. पाठच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापा: दशकांची ६ सेंटिमीटर रुंद, त्यांवर १० ते ९०, एककांची ३ सेंटिमीटर रुंद, त्यांवर १ ते ९. उंची दोन्हींची ४ सेंटिमीटर. एका संचात अठरा कार्डं होतात. '४०' वर उजव्या कडेला '७' ठेवला की शून्य झाकलं जातं आणि ४७ दिसतं. हे मापानं कापलं नाही तर शून्य अर्धं डोकावतं आणि सगळा खेळ फसतो. या कार्डांची गरज आणखी एका चुकीसाठी आहे. चाळीस म्हणजे ४० हे पक्कं झालेलं मूल सत्तेचाळीस ४०७ असं लिहितं. तो शून्य कुठे जातो, हे सांगून कळत नाही, कार्डाखाली झाकलेला बघून कळतं.

एकोणसाठी ओसरीवर खडूनं शंभराची चौकट आखा, दहा ओळी, प्रत्येक घर एक वीत. मुलाला तीसवर उभं करा आणि एक घर मागे यायला सांगा. 'तीसला एक कमी' हे पायांना कळलं की कानांनाही कळतं. आठही एकोण दोन दिवसांत होतात, नव्व्याण्णव तिसऱ्या दिवशी, स्वतंत्र.

मोजायला चिंचोके. फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी चिंचा फोडतात, त्यामुळे फुकट मिळतात. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधा. चिंचोका फोडून दोन फाका केल्या तर एक बाजू पांढरी, एक काळपट. अशा दहा फाका उधळायच्या: पांढऱ्या सहा, काळ्या चार, सात आणि तीन, आठ आणि दोन. दहाच्या सगळ्या जोड्या खेळता खेळता बसतात. नाका-कानात घालणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं, तेवढं लक्ष ठेवा आणि खेळ संपला की मोजून परत घ्या. जळगावकडचे शिक्षक हौसेनं केळीच्या फण्या दशक म्हणून वापरायचं सुचवतात. नको. फणीत कधी बारा केळी, कधी सोळा. दशक म्हणजे दहा, तिथं ढिलाई चालत नाही. त्यापेक्षा 'पळसाला पाने तीनच' ही म्हण कामाला लावा: पळसाला नवी पानं फुटली की तीन-तीन पानांच्या चार काड्या आणा, तीन-तीनच्या उड्यांनी बारापर्यंत मोजा. पाच-पाचसाठी काटेसावरीची फुलं आहेत, एका फुलाला पाकळ्या पाच.

बेरजेतली ठरलेली चूक: आठ अधिक पाच, उत्तर बारा. हे अंदाजानं आलेलं नाही. 'सगळं पहिल्यापासून मोजू नको, आठपासून पुढे मोज' असं आपण सांगितलेलं असतं. मूल बोटं मोडतं: आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. पाच बोटं झाली, उत्तर बारा. पहिलं बोट त्यानं आठलाच खर्च केलं. वजाबाकीत हेच उलटं होतं, नऊ वजा तीन सात येतात. तेव्हा आठ मुठीत दाबायला सांगा, मूठ मिटून 'आठ' म्हणायचं, आणि पहिलं बोट उघडताना 'नऊ'. उत्तर प्रत्येक वेळी बरोबर एकानंच चुकत असेल तर कारण हेच समजा.

परिसराचं थोडक्यात. सकाळची शाळा सुरू झाली की साडेसातला आणि साडेदहाला एकाच काठीची सावली खडूनं आखा, ती आखडलेली दिसते. मापायला वीत. विती टाकताना मुलं मध्ये फट सोडतात, म्हणून दोघांची मापं जुळत नाहीत. ती का जुळली नाहीत यावर बोला. मुगाला मोड आणायचे तर दहाच दाणे, रात्रभर भिजवून सकाळी फडक्यात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत फडकं दुपारपर्यंत वाळतं, म्हणून शाळा सुटताना पुन्हा ओलं करा. पाण्यात बुडवून ठेवले तर कुजतात. सुरुवात सोमवारी करा, शनिवारी केली तर रविवारी फडक्याकडे बघायला कोणी नसतं.

हजेरीचा प्रश्न याच महिन्यांत येतो. सातपुड्यात मोहाची फुलं पहाटे गळतात आणि वेचायला पोरं लागतात. सकाळची शाळा नेमकी त्याच वेळेला. अशा मुलासाठी वाचन-गणिताचा तास उशिरा ठेवता आला तर ठेवा. ऊसतोडीवरून परतणारी कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये येतात. त्या मुलाकडे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते कार्ड, असेल तर तिकडच्या शाळेनं काय नोंदवलंय ते बघा, नसेल तर स्वतः पंधरा मिनिटं तपासा. हे मूल वर्गात मार्चमध्ये आलं, तरी त्याच्या चुका जूनच्या असू शकतात. त्याला कार्डांचा खेळ देऊ नका, आधी अक्षर द्या.

पालक विचारतात, सुटीत दुसरीचं पुस्तक आणून देऊ का? नका देऊ. एक पिशवी चिंचोके द्या, कार्डांचा संच द्या, आणि संध्याकाळी दुकानाच्या पाट्या, बसच्या पाट्या, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवरचं मराठी वाचायला लावा. रोज पाच अनोळखी शब्द. अडखळलं तर शब्द सांगून टाका, आणि कुठे अडखळलं ते पिशवीवरच पेन्सिलनं खूण करून जूनमध्ये शाळेत आणा.