पाचोळा, पाऊस आणि परसातले पाहुणे

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'हवामान, जागा आणि परसातले पक्षी'. भारदस्त आहे. पण मला खरं तर पाचोळ्यावर बोलायचंय.

हसा, हसा. तुमच्यातल्या निम्म्यांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत. सकाळी पेपर आणायला जाताना मी प्रत्येकाच्या कंपाउंडवरून डोकावतो, पक्षी बघायच्या निमित्तानं.

तर गोष्ट अशी. मे संपत आलेला, दोन दिवस नुसतं गदमदत होतं. रात्री वळीव कोसळला, पत्रे वाजले, लाइट गेली. पहाटे ही मोरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, कुणाचा तरी पोपट आलाय!" टॉर्च घेऊन गेलो. बादलीमागे मुठीएवढा गोळा. पाठ हिरवी, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपूट जवळजवळ नाहीच. नवरंग! हिवाळा दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी इकडे यायचं, हा त्याचा रिवाज. प्रवास रात्रीचा. वादळात सापडला, दमला, की मिळेल तिथे उतरतो. आमची मोरी मिळाली.

बुटांच्या खोक्यात ठेवला. हिनं तांदूळ टाकले. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. तो पडला किडे-गांडुळं खाणारा, आमच्यासारखा वरणभातवाला नव्हे. उजाडल्यावर परसात शेवग्याखाली खोकं आडवं केलं. बराच वेळ काही नाही. मग टुणकन बाहेर, दोन उड्या, आणि चोचीनं एकेक पान उलटून बाजूला टाकायला लागला, कारकून फाइल चाळतो तसा. चौथ्या पानाखाली गांडूळ. ते ओढताना मागे कलंडायच्या बेतात आला, पण सोडलं नाही.

आता हा पाचोळा तिथे का होता? तर झाडलोट करणाऱ्या मावशी त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या म्हणून. माझं कर्तृत्व शून्य. त्यानंतर मात्र मी शेवग्याखाली खराटा फिरवू दिलेला नाही, त्यावरून घरात काय काय ऐकलं ते इथे नको. आमचे एक शेजारी, नाव घेत नाही, दुसऱ्या रांगेत बसलेत, ते दर रविवारी पानं पेटवतात आणि वर मलाच विचारतात, "तुमच्याकडेच बरे पक्षी येतात? दाणे कुठले घालता?"

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

जागा. आपली वाई आणि महाबळेश्वर, तासाभराचा रस्ता. तिथे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे त्याच्या पाव हिश्शाइतकाही नाही. म्हणून तुमच्या तारेवर लालबुड्या बुलबुल बसतो. पसरणीचा घाट चढून वर गेलात की टोकदार तुऱ्याचा, गालावर लाल ठिपका असलेला शिपाई बुलबुल जागोजागी भेटतो. दाणे तेच घाला, पक्षी बदलणार.

हवामान. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, आपण वैतागून दिवे मालवतो, आणि कोतवाल पक्ष्याची मात्र चंगळ होते. चिमणी दाणे खाते खरी, पण पिल्लांना किडे-अळ्याच भरवते. त्यामुळे शेवग्यावरचे सुरवंट जाळू नका. पावशा आणि आफ्रिकेतून येणारा चातक यांचं ते पक्वान्न आहे. परीट पक्षी थंडीची वाट बघत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरातच घाटावर शेपटी हलवायला लागतो. उन्हाळ्याचं एकच. पक्ष्यांना घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकतात. पाणी ठेवायचं ते उथळ परळात आणि सावलीत. खोल प्लास्टिकच्या डब्यात कडेला पाय ठरत नाहीत.

ज्वारीवर येणारे भोरड्या पक्षी राहिले, असो. टेबलावर परळ ठेवलाय तो नमुन्याला आणलाय. बघा, हातात घ्या, पण जागेवर ठेवा. मागच्या व्याख्यानाला नेलेला परत आला नाही.