मुलाम्याने घडवलेलं हेड

[दृश्य: उघडी हार्ड डिस्क. तबकडी फिरते आहे.]

तबकडीवर आलेल्या या यांत्रिक हाताच्या टोकाशी बघा. तिळाहूनही लहान असा काळा ठिपका दिसतोय, तो स्लायडर, हेड वाहून नेणारा तुकडा. पण हेड म्हणजे हा ठिपकाही नव्हे. त्याच्या मागच्या कडेवर चढवलेले काही थर, तेवढंच हेड. तुम्ही साठवलेला प्रत्येक फोटो तिथेच लिहिला जातो आणि तिथेच वाचला जातो.

पूर्वी हेड म्हणजे फेराइट या चुंबकीय सिरॅमिकचा बारीक तुकडा आणि त्यावर गुंडाळलेली तार. वेढे घालायचे ते सूक्ष्मदर्शकाखाली, हाताने. तबकडीवरचे ट्रॅक, म्हणजे माहितीच्या चुंबकीय खुणांच्या वर्तुळाकार रांगा, अरुंद होत गेले आणि बोटांचं कसब अपुरं पडू लागलं.

[दृश्य: पिवळ्या उजेडातली प्रयोगशाळा, हातात वेफर.]

आयबीएममध्ये ल्युबोमिर रोमानकिव आणि डेव्हिड थॉम्पसन यांनी तार गुंडाळणंच सोडून दिलं. सिरॅमिकच्या वेफरवर, म्हणजे पातळ चकतीवर, प्रकाशसंवेदी लेप द्यायचा, नक्षीतून प्रकाश टाकायचा, लेप जिथून धुऊन जाईल त्या खाचेत विजेने मुलामा चढवायचा. वेढ्यांसाठी तांबं. चुंबकीय भागासाठी निकेल आणि लोखंड, त्यात सुमारे 80 टक्के निकेल. हा मुलामा चढत असताना बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून ठेवतात, म्हणजे थराच्या चुंबकत्वाला हवी ती दिशा मिळते. मग तांब्याच्या वेढ्यांवर पुन्हा तोच लेप देऊन तो भट्टीत भाजतात. लेप जरासा ओघळतो, कडा गोलसर होतात आणि तो कायमचा विद्युतरोधक होऊन आतच राहतो. मला या सगळ्यात हाच टप्पा सर्वांत सुंदर वाटतो. एरवी धुऊन टाकायचा लेप इथे हेडचा अवयव होतो!

एका वेफरवर अशी हजारो हेड एकदम तयार होतात. 1979 साली आयबीएम 3370 या ड्राइव्हमधून ती पहिल्यांदा बाजारात आली.

वाचण्याची अडचण मात्र उरलीच होती. वेढ्यात वीज उमटते ती चुंबकीय क्षेत्र बदलतं तेव्हाच. तबकडी लहान झाली, हेडखालून जाण्याचा तिचा वेग उतरला, की संकेतही क्षीण. याचं उत्तर जुनं होतं. चुंबकीय क्षेत्रात लोखंड आणि निकेल यांचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1857 सालीच नोंदवलं होतं. त्या गुणावर चालणारा स्वतंत्र संवेदक 1990च्या सुमारास हेडमध्ये आला. लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा, दोघे एकमेकांना खेटून.

1988 साली आल्बेर फेर्त आणि पीटर ग्र्युनबर्ग यांना, स्वतंत्रपणे, अतिपातळ थरांमध्ये हाच परिणाम कितीतरी मोठा दिसला. 1997 मध्ये तो हार्ड डिस्कमध्ये उतरला. 2007 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

[दृश्य: वेफरच्या कापलेल्या पट्ट्या, घासणारं यंत्र.]

वेफर कापून झाला की पट्ट्यांची कड घासतात. संवेदकाची उंची बरोबर यायला हवी, पण ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घासतानाच विद्युतरोध मोजत राहतात. कड झिजते, रोध वाढतो, ठरलेल्या आकड्याला यंत्र थांबतं.

[दृश्य: पुन्हा तबकडी, अगदी जवळून.]

आता हे हेड हवेच्या थरावर तरंगतंय. आत एक चिमुकला तापक आहे. लिहायची किंवा वाचायची वेळ आली की तो तापतो, हेडचं टोक किंचित फुगून तबकडीपासून एक-दोन नॅनोमीटरवर येतं. काम झालं, वीज तुटली, की टोक पुन्हा मागे सरतं.