पट्टी वर गेलीय

(अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हिवाळी स्नेहमेळाव्यातलं भाषण, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "नाताळ जवळ आलाय, तुमच्याकडचं काहीतरी बोला." तुमच्याकडचं म्हणजे कुठलं? मी पुण्याच्या गुरुवार पेठेतला ख्रिस्ती. पंचहौदच्या चर्चची घंटा ऐकत आणि मंडईतून भाजीच्या पिशव्या वाहत वाढलो. तरी इथल्या पहिल्या गणपतीत एका काकूंनी विचारलंच होतं, "घरी मराठीच बोलता ना तुम्ही?" बोलतो. भांडणं मराठीत होतात, प्रार्थनाही मराठीत. काकू समोरच बसल्यात आणि हसतायत, म्हणून सांगायचं धाडस केलं.

मला भीतीबद्दल बोलायचंय. नोकरी गेली की व्हिसावाल्याच्या हातात नवी नोकरी शोधायला साठ दिवस उरतात, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. मी ते दिवस फ्रीजवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत मोजलेत. पण त्याआधीची एक गोष्ट पुण्याची आहे.

मी सहावीत असताना बाबांच्या पिंपरीतल्या कंपनीला टाळं लागलं. त्या दिवशी ते दुपारी तीनलाच घरी आले. डबा तसाच, न उघडलेला. आईनं तो उघडला, पोळी-भाजी ताटलीत काढली, पुढे ठेवली. ते जेवले नाहीत. मग ते बोलेनासेच झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, रस्त्याकडे पाठ करून. रस्ता बघायचाच नाही तर गॅलरीत कशाला बसायचं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आमच्याकडे रोज संध्याकाळी प्रार्थना असायची आणि आजी पेटी काढायची. पेटीची एक पट्टी दाबली की खालीच अडकून बसायची. मग आजी गाता गाता अंबाड्यातला आकडा काढून ती पट्टी उचलायची, आकडा परत खोवायची आणि पुढच्या ओळीला बरोबर सुरात यायची. गायची बहुतेक कवी ना. वा. टिळकांची भजनं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणायचे. त्यांच्यासारख्यांमुळेच आमच्या देवळात टाळ-पेटी आली. (हो, आम्हीही चर्चला देऊळच म्हणतो.) आमची भजनं ऐकलीत तर चाल तुमच्या ओळखीचीच वाटेल.

तर बाबा गॅलरीत, आजी पेटीवर आणि आई स्वयंपाकघरात धुसफुसतेय, "घरात पैशाची पंचाईत आणि यांना गाणी सुचतायत." मला आईचं पटायचं. आभार कसले मानायचे? एकदा मी आजीला तसं विचारलंही. तिनं उत्तर दिलं नाही. बायबल पुढे सरकवलं आणि म्हणाली, तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाच.

सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत देवाला चार वेळा एकच प्रश्न विचारलाय: कुठवर? मला विसरणार कुठवर, तोंड लपवणार कुठवर? सरळ जाब आहे हा. आणि शेवटी तोच माणूस म्हणतो, मी गाईन. मधल्या काळात काय झालं? काही नाही. शत्रू गेला नाही, दुखणं बरं झालं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर एवढंही वळत नाही, अंधारातच संपतं, आणि तेही ग्रंथातून कुणी काढून टाकलेलं नाही. उपदेश करणारे आम्हाला नेहमी हसरी स्तोत्रं ऐकवतात, ही माझी जुनी तक्रार आहे. स्तुती म्हणजे सगळं छान चाललंय असा आव आणणं नव्हे, हे मला त्या सहा ओव्यांनी शिकवलं. रडगाणं ज्याच्यापुढे गायचं त्याच्याचपुढे गाणंही म्हणायचं, इतकंच.

अडीच-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी गॅलरीतून आवाज आला, "आई, पट्टी वर गेलीय. काळी एक घे." एवढंच. आजीनं मुकाट्यानं सूर उतरवला. आईनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. बाबा त्या दिवशी गायले नाहीत, पण खुर्ची आत आणली. पुढे एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, जवळजवळ निम्म्या पगाराचं. चमत्कार वगैरे झाला नाही.

श्रद्धा असली की वाईट घडत नाही, असं मी म्हणूच शकत नाही. पुण्याहून दौंडच्या गाडीनं निघालं की वाटेत केडगाव लागतं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम. चर्चच्या सहलीला आम्हाला तिथे नेत. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात या बाईंचे आई, वडील आणि बहीण गेले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं पुरी होण्याआधी नवरा गेला. पुण्यात शारदा सदन ही विधवा-मुलींची शाळा चालवत असताना १८९३ साली, त्या मुलींना ख्रिस्ती करतात असा गहजब झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतरही १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. बाई तरीही बायबलच्या मराठी भाषांतराला चिकटून राहिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते पुस्तक त्यांच्यामागे बाहेर आलं.

आणि ज्यांना गाणंही सुचत नाही त्यांच्यासाठी एलीया आहे. बायबलमधला मोठा संदेष्टा, पण रानात झुडपाखाली बसून म्हणाला, आता मरू दे मला. देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि पुन्हा झोपला. डॉक्टरकडे जायची लाज वाटणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

आता माझे साठ दिवस. एकेचाळिसाव्या रात्री मी बेसमेंटमध्ये लॅपटॉपपुढे बसलो होतो. पुण्यात रविवारचे साडेदहा, म्हणजे इथे शनिवारची मध्यरात्र. आईनं उपासनेतून व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर छताचा पंखा आणि कुणाच्या तरी पदराचा काठ, पण गाण्याचा आवाज स्वच्छ येत होता. बायबलमधल्या पौल आणि सीला या प्रचारकांनी फटके खाऊन, तुरुंगात पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गाणी म्हटली, ही गोष्ट सांगताना सगळे घाईनं तुरुंगाची दारं उघडणाऱ्या भूकंपाकडे धावतात. त्याच्या आधी एक लहानसं वाक्य आहे: बाकीचे कैदी ऐकत होते.

मीही म्हणायला लागलो. आवाज कापत होता, सूर कुठल्या कुठे. जिन्यावर पावलं वाजली. बायको शाल गुंडाळून खाली आली होती. "हळू म्हण, पोरगी उठेल," म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली. दुसरं कडवं दोघांनी मिळून म्हटलं, अगदी हळू.