अपरान्तातला धम्म

(महाड येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बुद्धांची ओळख लुंबिनीपासून करून द्यायची पद्धत आहे. आपण महाडकर आहोत, तर गांधारपाल्याच्या बौद्ध लेण्यांपासून करू. महामार्गावरून जाता-येता ती लेणी दिसतात. पण घरदार सोडून निघालेल्या भिक्खूंना खोल्या कशाला हव्यात?

कारण पाऊस. भिक्खूनं गावोगाव फिरावं, भिक्षेवर राहावं हा नियम. पण पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली हिरवं गवत आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा बुद्धांनी तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. तोच वर्षावास. कोकणात तर पाऊस तीन महिन्यांत आटपतही नाही! म्हणून कातळात झोपायचे ओटे कोरले आणि पुढच्या कोरड्या महिन्यांसाठी पाण्याची टाकी खोदली. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, तिथं मूर्तींआधी ही टाकी बघा.

या खोल्यांत शिकवण कोणती घोकली जात होती? शाक्य कुळातल्या सिद्धार्थ गौतमांना बोधगयेला ज्ञान झालं. सारनाथला त्यांनी पाच जणांना चार आर्यसत्यं सांगितली: दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, ते थांबवता येतं आणि थांबवायला आठ अंगांचा मार्ग आहे. जग शाश्वत की अशाश्वत, असल्या प्रश्नांत ते शिरलेच नाहीत.

हे आपल्याकडे आलं बंदरांतून. सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना 1882 साली सापडला. अपरान्तात, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे, धम्मरक्खित नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, थेर (ज्येष्ठ भिक्खू) पाठवला गेला, असं महावंस हा श्रीलंकेतला जुना ग्रंथ सांगतो. मला जास्त आवडतो तो बुद्धांचा शिष्य पुण्ण. तो जिथं निघाला, त्या सुनापरान्ताचा संबंध परंपरेनं सोपाऱ्याशी जोडला आहे. तिथली माणसं तापट, शिव्या देतील, असं बुद्ध त्याला म्हणतात. पुण्ण म्हणतो, मारत नाहीत म्हणजे भलीच आहेत. आणि मारलं तर? दगडानं मारत नाहीत, हेही भलंच. प्रश्न थेट जिवावर येतो तरी हा हटत नाही. आपल्या पूर्वजांची ही ख्याती फार काही खोटी नसावी!

लेणी कोरायला पैसा कुणी दिला? मांदाडच्या खाडीजवळ कुड्याला जा. तिथल्या दानलेखांत महाभोज या स्थानिक सत्ताधीशांचा उल्लेख येतो, पण त्यांच्या जोडीला वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी असे दातेही भेटतात.

आता पंथ. मूर्ती नाही, नुसता स्तूप आहे, तर ‘हीनयान’ अशी पाटी आपण लावतो. मला तो शब्द नको वाटतो. दुसऱ्यांनी हिणवायला दिलेलं नाव आहे ते. त्या काळी अनेक निकाय, म्हणजे संघातले पंथ, होते. कार्ल्याच्या दानलेखात सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय या निकायाचा एक शिष्य दाता म्हणून येतो. त्या जुन्या निकायांपैकी श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंडमध्ये टिकला तो थेरवाद. महायानात आदर्श बदलला: स्वतःच्या मुक्तीवर न थांबता सर्वांसाठी झटणारा बोधिसत्त्व. कान्हेरीला एका शिल्पात अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व भक्तांना संकटांतून सोडवतो. त्यांत बुडतं जहाजही आहे. दर्यावर्दी गिऱ्हाईक होतं ना! पुढं मंत्र आणि मंडलांचं वज्रयान आलं. ते तिबेटात रुजलं, पण दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीच्या लेण्यांत वज्रयानातल्या अक्षोभ्य या बुद्धाची मूर्ती मिळाली. तीच लेणी नंतर शैवांकडे, नाथांकडे गेली.

चौथा प्रवाह आपल्या काळातला. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी 1927 साली इथं चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा. त्यांनी जुनं सगळं जसंच्या तसं उचललं नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत, चार आर्यसत्यं मुळातली की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असा सवालच त्यांनी टाकला. दुःखाचा हिशेब मागच्या जन्मावर टाकणं त्यांना मान्य नव्हतं. माणूस माणसावर करतो तो अन्याय त्यांना आधी दिसत होता. परंपरेतल्या अनेकांना हे पटलं नाही. समोर दोन्ही मतांची मंडळी बसलेली दिसतायत, तेव्हा मी थांबतो. विचारा प्रश्न.