कंदिलात अडकलेली माशी

(फूल, अगदी जवळून. मागे फक्त पावसाचा आवाज.)

हे फूल खरं तर बोटाच्या दोन पेरांएवढं आहे, इथे पडद्यावर दिसतंय तेवढं मोठं बिलकुल नाही. खाली फुगलेलं, मध्ये बारीक नळी, आणि वरती पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी, जुन्या रॉकेलच्या कंदिलासारखी. म्हणून याचं नाव कंदीलपुष्प. आता जाळीच्या डाव्या बाजूला बघा, एक काळा ठिपका हलतोय. ती माशी आहे, घरात फिरते ती नव्हे, तिच्यापेक्षा लय बारकी, दोन-तीन मिलिमीटरची. कडेवर बसली, पुढे दोन पावलं टाकली, पाय घसरला आणि गेली आत. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

कॅमेरा आम्ही तसाच चालू ठेवला. ती बाहेर कधी येते आणि येताना काय घेऊन येते, ते तुम्हाला दाखवायचंय.

(विशालगड, धुक्यात. कॅमेरा खालून वर जातो.)

हा विशालगड. कोल्हापूरपासून साधारण 75 किलोमीटर, शाहूवाडी तालुका. पन्हाळ्याहून निघालेले महाराज 1660 च्या जुलैत याच गडावर पोचले, मागे बाजीप्रभूंनी खिंड लढवली, ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ असते. पण याच गडाच्या परिसरात कंदीलपुष्पाची एक अशी जात मिळाली जी शास्त्राला आधी माहीतच नव्हती, हे कोल्हापुरात विचारलं तर दहापैकी किती जण सांगतील? 2024 साल उजाडता उजाडता पेपरात बातमी आली होती. संशोधन करणाऱ्यांत आपल्या कोल्हापूरच्या न्यू कॉलेजची माणसं होती, शिवाजी विद्यापीठातले ज्येष्ठ वनस्पतीशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव होते, आणि फायटोटॅक्सा नावाच्या न्यूझीलंडहून निघणाऱ्या जर्नलमध्ये ते छापून आलं. नाव ठेवलं सेरोपेजिया शिवरायीना. सेरोपेजिया म्हणजे कंदीलपुष्पांचा वंश.

नावावरून एक गोष्ट सांगतो, मला ती फार महत्त्वाची वाटते. याच कुळातली दुसरी एक वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. ती शिवनेरीच्या कड्यावर वाढते, म्हणजे महाराजांच्या जन्मस्थानावर. तिला 1860 च्या दशकात डाल्झेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने शास्त्रीय नाव दिलं फ्रेरिया इंडिका, कारण तेव्हा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअर होता. शिवनेरीच्या फुलाला गव्हर्नरचं नाव, कारण कागद-पेन त्यांच्या हातात होता. विशालगडच्या फुलाला महाराजांचं नाव मिळालं कारण आता कागद-पेन आपल्या कॉलेजातल्या पोरांच्या हातात आहे. आणि ते हातात यायला काय काय करावं लागतं तेच बघायला आम्ही कॅमेरा घेऊन निघालो.

(सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार. वारा. गवत आडवं पडतंय.)

आता आधीच सांगतो, पुढे जे दिसेल ते शिवरायीना नाही. त्याची जागा आम्ही शूट केली नाही आणि करणारही नव्हतो. हा त्याचा भाऊबंद, सेरोपेजिया हिरसुटा, गवताळ उतारावर वाढणारा, आपल्याकडे याला हामण म्हणतात. आमच्यासोबत जी ताई आहे ती वनस्पतीशास्त्रात पीएचडी करते, तिने गाडीतून उतरायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल मागून घेतले आणि लोकेशन बंद केलं. फोटोबरोबर जागा जाते, जागा कळली की कांदा, म्हणजे जमिनीतला कंद, उकरायला माणूस येतो, सोपा हिशोब आहे. त्यामुळे हा सडा शाहूवाडी तालुक्यात आहे एवढंच सांगतो.

पाऊस असा की छत्री उलटी होते. ताई गुडघ्यावर बसून गवताची पाती एकेक करून बाजूला करतेय, बघा, विंचरल्यासारखी. वेल दोऱ्याएवढा असतो, गवतालाच पिळा घालून चढतो, फूल नसेल तर शेजारी उभं राहिलं तरी दिसत नाही. तीन तास असंच चाललं. आम्ही ते तीन तास तुम्हाला दाखवत नाही पण ते झालेत हे लक्षात असू दे.

मग धनगरवाड्यावरचे मामा आले, त्यांची म्हसरं खालच्या अंगाला चरत होती. काय शोधताय विचारलं, ताईने मोबाईलवर फोटो दाखवला.

"ह्ये होय? हामण न्हवं ह्यो! आम्ही गुरं राखताना उकरून खायाचो की ल्हानपणी. कच्चाच. गोडूस लागतोय."

"आता मिळतो का मामा?"

"कुठला मिळतोय ताई. साळिंदर ठेवत न्हाई. या हिकडं."

आणि मामा सरळ चालत गेले, एका दगडाच्या आडोशाला थांबले, काठीने दाखवलं. हा बघा. तीन तास आम्ही जो वेल शोधत होतो तो मामांना ठाऊक होता, दरवर्षी तिथेच येतो म्हणाले. ताईने वहीत मामांचा शब्द जसाच्या तसा लिहिला, हामण, आणि पुढे लिहिलं, कंद कच्चा खातात. हे पण संशोधनच आहे, आणि मला विचाराल तर यातला मामांचा वाटा कुठेतरी छापून यायला पाहिजे.

(वही, हात, भिंग.)

इथून पुढचं जरा सावकाश बघा, सगळं काम यातच आहे.

ताईने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. आधी फुलाचा देठ. त्यावर लव आहे का गुळगुळीत आहे, लव असेल तर सगळीकडे का एका बाजूला. मग पान, वरून आणि खालून. मग नळीची लांबी, फुगवट्याची रुंदी, जाळीच्या टोकांचा आकार, सगळं मिलिमीटरमध्ये. रंग तिथल्या तिथे लिहून काढायचा, कारण वाळल्यावर हे हिरवट पिवळं फूल आणि त्यावरचे जांभळे ठिपके सगळं तपकिरी होतं, मग शंभर वर्षांनी बघणाऱ्याला रंग फक्त या ओळीतून कळणार. "जांभळे" असं नुसतं लिहिलं तर ती खोडते आणि "गडद जांभळे, नळीच्या आतल्या बाजूला जास्त" असं परत लिहिते. पावसात, गुडघ्यावर, पेन्सिलने. पेन चालत नाही, शाई पसरते.

तोडायचं किती? एक छोटी फांदी, दोन फुलं. कांदा जमिनीतच ठेवायचा, तो असला की पुढच्या पावसाला वेल परत येतो. एक फूल लहान बाटलीत स्पिरिटमध्ये, कारण दाबून वाळवलं तर कंदिलाचा पापड होतो आणि आतली रचना कळत नाही.

(रद्दीचे पेपर, लाकडी प्रेस, पट्टे आवळताना.)

ही आपली रोजची रद्दी. तिच्या घड्यांमध्ये फांदी ठेवायची, वर कागद, परत कागद, दोन्हीकडून लाकडी फळ्या आणि पट्टा आवळायचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच ओली असते त्यामुळे पेपर रोज बदलावे लागतात, एक दिवस चुकला की बुरशी. वाळल्यावर जाड कागदावर डकवायचं, साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरचा कागद, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. नाव, ठिकाण, तारीख, कुणी गोळा केलं. अशा शीटच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. जात नवीन असेल तर त्यातली एक शीट कायमची साक्ष म्हणून ठेवतात, तिला होलोटाइप म्हणायचं. पुढे जगात कुणालाही शंका आली तर तो त्या शीटपाशीच येणार.

पण नवीन आहे हे ठरवायचं कसं, तर जुनं सगळं वाचून. टेबलावरची पुस्तकं बघा. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णनं, 1901 ते 1908. त्याच्याआधीचा हूकरचा फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया. आणि हे आपलं, डॉ. यादव आणि डॉ. सरदेसाई यांचं, फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट, 2002 साली विद्यापीठाने काढलेलं, या जिल्ह्यात काय उगवतं याची नोंद. यातल्या प्रत्येक वर्णनाशी आपलं फूल ताडून बघायचं, लंडनच्या क्यू गार्डनच्या शीट आता ऑनलाइन दिसतात त्या मोठ्या करून बघायच्या, आणि कुठेच जुळलं नाही तरी लगेच नाचायचं नाही, पुढच्या पावसाळ्यात परत जाऊन बघायचं की तो फरक सगळ्या वेलींत आहे का एकाच वेलीची लहर आहे. पूर्वी वर्णन लॅटिनमध्ये लिहिणं सक्तीचं होतं, 2012 पासून इंग्रजी पण चालतं, तेवढा एक डोंगर कमी झाला.

(सूक्ष्मदर्शकाखाली फूल, उभं चिरलेलं.)

आणि हे बघा. स्पिरिटमधलं फूल उभं चिरलंय. नळीच्या आत केस आहेत, सगळे खाली तोंड करून. आत जाताना ते वाकतात, बाहेर येताना भाल्यासारखे आडवे येतात. भिंत मेणचट, पाय ठरत नाही. लिनियसने 1753 मध्ये या वंशाला सेरोपेजिया नाव दिलं, त्याचा अर्थच मेणाचं कारंजं. तळाशी फुगवट्याच्या भिंतीत हा भाग पातळ आहे, उजेड आत येतो, खिडकीसारखा. माशीला वाटतं बाहेरची वाट इकडे, म्हणून ती खालीच धडका मारत राहते, आणि फुलाला नेमकं तेच पाहिजे कारण पराग तिथेच आहेत. धुळीसारखे सुटे परागकण नाहीत हे, घट्ट पुड्या आहेत, जोडी-जोडीने, एका फुलात पाच जोड्या. माशीचं तोंड खाचेत अडकलं की जोडी चिमट्यासारखी तिच्या तोंडाला लागते.

पण मुळात माशी येते कशाला, गोड रसाला? यावर 2016 साली करंट बायॉलॉजी या जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला, जर्मनी-ऑस्ट्रियाच्या संशोधकांचा, दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनायवर. त्या फुलावर येणाऱ्या माश्या दुसऱ्याच्या शिकारीवर जगतात, कोळ्याने मधमाशी पकडली की या तिच्या अंगातून येणारा रस चोखायला जमतात. आणि ते फूल वास कसला सोडतं, तर जखमी मधमाशीचा! संकटात सापडलेली मधमाशी जी रसायनं सोडते त्यातलीच काही फुलाच्या वासात निघाली. माशी जेवायला येते आणि परागाचं ओझं घेऊन जाते. ताई म्हणते, आपल्या सह्याद्रीतला कंदील कुणाचा वास काढतो, मला ते शोधायचंय. तिच्या टेबलावर हामणाची पाच फुलं आहेत, प्रत्येकाच्या पोटातून निघालेल्या माश्या वेगवेगळ्या बाटलीत. त्या माश्या ओळखायला दुसरा तज्ज्ञ लागतो, वास तपासायला मशीन लागतं, आणि या सगळ्याला पैसा लागतो, आणि फुलांची नावं लावायला कशाला पैसा हवा असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की नाव नसलेल्या गोष्टीला सरकारी कागदावर वाचवता येत नाही, यादीत टाकायलाच नाव लागतं.

(जळालेला डोंगर, काळा. लाल माती. सड्यावर गाड्यांची चाकोरी.)

उन्हाळ्यात लावलेले वणवे, बॉक्साइटच्या खाणी, सड्यावर चढवलेल्या गाड्या, हे सगळं याच तालुक्यात.

(विद्यापीठाची बाग. कुंड्या, काठीला चढलेले वेल.)

ही शिवाजी विद्यापीठाची लीड बोटॅनिकल गार्डन. सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदीलपुष्पांचे वेल इथे कुंड्यांत जपलेत, डॉ. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षं यात गेलीत. कंदिलाला फळ कमी धरतं, धरलं तर दोन शिंगांसारखं, आणि फुटलं की रुईसारख्या म्हाताऱ्या उडतात, त्याआधी शेंगेला पातळ कापडाची पिशवी बांधली नाही तर बी गेलं. या पिशव्या बघा, प्रत्येकीवर धाग्याने अडकवलेली चिठ्ठी.

आणि ही आपली माशी.

पहिल्या रात्री आम्ही हुकलो. पहाटे बॅटरी संपली, आम्ही बदलेपर्यंत फूल मान टाकून बसलं होतं आणि आत कुणी नव्हतं. दुसऱ्या फुलावर परत सुरुवात केली, तुम्ही सुरुवातीला बघितलं ते दुसरं फूल. रात्री साडेअकराला ताईने मागून टॉर्च धरला, तेव्हा तळाच्या पातळ भिंतीतून सावली दिसली, गोल गोल फिरतेय, थांबतेय, परत फिरतेय. पहाटे दोनला थांबलेली. सकाळी परत फिरत होती.

दुपारी दोनच्या सुमाराला फूल झुकायला लागलं. उभी नळी आडवी झाली, आतले केस सुकून भिंतीला चिकटले. अडवणारं काही उरलं नाही.

तीन वाजून चार मिनिटं. जाळीच्या कडेला बघा. बाहेर आली. पुढचे पाय तोंडावरून फिरवतेय, पुसतेय, पण ते निघत नाही. पिवळा ठिपका दिसला? ती परागाची जोडी.

उडाली. त्याच वेलीवर वीतभर वरती आज सकाळी दुसरं फूल उमललंय.

(कॅमेरा वर जातो. फूल. जाळीच्या कडेवर काळा ठिपका.)