ब्लू ब्रॉन्झ : विजेला पडलेल्या निऱ्या

चिमट्यात हा जो गडद निळा चकाकणारा तुकडा दिसतोय ना, तांदळाच्या दाण्याएवढा, याला ब्लू ब्रॉन्झ म्हणतात, पण यात ना तांबं आहे ना कथिल. पोटॅशियम, मॉलिब्डेनम आणि ऑक्सिजन, बस. ऑक्साइड असूनही रूम टेंपरेचरला धातूसारखी वीज वाहतो.

आता भट्टी बघा, माझ्यासाठी खरी गोष्ट इथे आहे. मुशीत पांढुरकी पावडर, साडेपाचशे अंशांच्या आसपास ती वितळते, मग त्यात प्लॅटिनमच्या तारा सोडून अगदी थोडा करंट चालू ठेवायचा आणि वाट बघायची. तापमान किंवा मिश्रण जरा इकडेतिकडे झालं की रेड ब्रॉन्झ तयार होतो, तो लाल असतो आणि वीज वाहत नाही, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. नीट जमलं तर तारेला निळ्या काड्या लटकतात. त्यांना चिकटून गोठलेलं मिश्रण गरम पाण्याने सुटतं. ब्लेडने हलकं टोचलं की बघा, पापुद्रा कसा अलगद निघतो.

(इथे बोलायचं नाही, फक्त ब्लेडचा क्लोजअप)

असे क्रिस्टल १९६४ मध्येच वाढवले गेले होते. पण ते थंड केल्यावर असे का वागतात, हे कळायला १९८३ उजाडलं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला क्लेअर श्लेंकर, जाँ द्युमा यांच्या ग्रुपने वीज मोजली, पॅरिसजवळच्या ओर्सेला एक्स-रे काढले, आणि दोन्हीकडे हाताशी होता तो कुणीतरी भट्टीपाशी बसून वाढवलेला क्रिस्टल. पेपरमधला ग्राफ सगळ्यांना आठवतो, हा माणूस आठवत नाही, म्हणून कॅमेरा आधी त्याच्या हातांवर ठेवला.

आता लिक्विड नायट्रोजन. वाफ खाली उतरतेय, मीटरवर लक्ष ठेवा. साधा धातू थंड केला की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, इथे १८० केल्विनला, म्हणजे उणे ९३ सेल्सिअसला, आकडा उलट वर पळायला लागतो. आतमध्ये अणूंच्या लांब साखळ्या आहेत, इलेक्ट्रॉन मुख्यतः त्यांच्यावरूनच धावतात, आणि या तापमानाला अणू किंचित सरकतात आणि इलेक्ट्रॉन ठराविक अंतराने दाट-विरळ होतात, नेसताना साडीला निऱ्या पडाव्यात तसे. ही चार्ज डेन्सिटी वेव्ह, विद्युतभाराच्या दाटीची लाट. एकाच दिशेच्या साखळीत असं होणार हे भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९५५ च्या पुस्तकात मांडलेलं.

निऱ्यांना पिन लावतो तशी ही लाटही क्रिस्टलमधल्या अशुद्धीला अडकून बसते. व्होल्टेज हळूहळू वाढवलं तर बराच वेळ विशेष काही होत नाही, मग एका ठराविक पातळीला पिन सुटते आणि अख्खी लाट सरकायला लागते. स्क्रीनवर ही जी बारीक थरथर दिसतेय ती तिचीच, करंट वाढवला की थरथरही जलद होते.

मेमरी आणि स्विचसाठी अशा लाटा वापरता येतील का यावर काम चालू आहे.

आता क्रिस्टल परत गरम होतोय. १७०, १७५ केल्विन... मीटरवर रेझिस्टन्सचा आकडा उतरतोय बघा.